कापसावर ठेवलेला आवाज

प्रियंकाने चिमट्याने लॅपटॉपच्या पंख्यातून पांढरा पुंजका ओढला आणि काउंटरवर ठेवला. मग दुसरा, मग तिसरा.

"काका, तुमाले दाखवाले पंखा तसाच ठेवला होता. हा तं कापूस हाय. कुठी ठेवत होते तुमी लॅपटॉप?"

फकिरा आडे यांनी बत्तीस वर्षं दिग्रसजवळच्या शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. जमलं असतं तर हेडमास्तर झाले असते, असं त्यांची बायको सुखीबाई म्हणायची.

"कापसाच्या गंजीवर," ते म्हणाले. "या साली घरात सगळा कापूसच कापूस. टेबल हलते, खाटेवर मांजर बसते. मनलं, कापसावर नरम राह्यते, धक्का बसत नाही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पंख्याने कापूस ओढून घेतला, हवा कोंडली आणि मशीन आतल्या आत तापून बंद पडली.

यवतमाळच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीचं काम प्रियंकाच पाहायची. तिने आजूबाजूला बघून पुंजके कचऱ्याच्या डब्यात टाकले. "हे मले सांगतलं, बाकी कोणाले सांगू नोका. वॉरंटीचे वीस दिवस बाकी हायत. कापसाचं मी लिहीत नाही. बोर्ड फुकट बदलून भेटीन."

"अन् आतलं?" शेजारी उभ्या असलेल्या वर्षाने विचारलं. वर्षा ही फकिरांची मुलगी, दिग्रसच्या एका दवाखान्यात नर्स. तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

आतलं म्हणजे सुखीबाई. बंजारा तांड्यावर लग्नातली मुलगी नुसती रडत नाही, शब्दांत रडते. आईबापाचा, भावांचा, विहिरीचा, गायीवासरांचा निरोप घेत ती ढावलो गाते, आणि तो तिला आईने शिकवायचा असतो. वर्षाला ड्यूटीतून सवड नव्हती. सुखीबाईचा कॅन्सर कळला तेव्हा दोन दुपारी बसून तिने आईचा ढावलो मोबाइलवर घेतला. मोबाइल भरला म्हणून लॅपटॉपमध्ये टाकला आणि मोबाइलमधला पुसला. गेल्या आषाढात सुखीबाई गेली. त्यानंतर वर्षा ऐकायला बसली की दोन ओळींतच तिला रडू फुटायचं आणि शिकणं राहून जायचं.

"आठ दिवस सगळं करून पाह्यलं, ताई," प्रियंका म्हणाली. "मेमरी बोर्डातच बसवेल राह्यते. दुसरीकडं नेलं तरी निंघणार नाही."

प्रियंकाने लॅपटॉपमधून काढलेला हिरवा बोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

"तो जुना बोर्ड मले द्या," फकिरा म्हणाले.

"बंद पडला तो, काका. कायले पाह्यजे?"

"असाच. घरी राहीन."

"नवा दिला की जुना कंपनीले वापस जाते. नियम हाय."

फकिरांनी त्या हिरव्या पट्टीवर तळहात ठेवला. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. पट्टी गार होती. प्रियंकाने नवा बोर्ड बसवून दिल्यावर त्यांनी कागदावर सही केली, शाळेच्या रजिस्टरात करायचे तशी, पूर्ण नावाची.

परतीच्या एसटीत वर्षाचा राग बाहेर पडला. "कापसावर ठेवाले कोणी सांगतलं होतं, बापू? अन् चालू काहून ठेवत होते?"

"ऐकत होतो. तू ड्यूटीवर गेली का रोज दुपारी लावत होतो. दोन-दोन, तीन-तीन खेपा."

वर्षाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

घरी आल्यावर तिने लॅपटॉप लावला. चकचकीत पडदा झटकन उघडला. आत काही नव्हतं.

"याडी मनत होती, शिकून घे. म्या मनलं, नंतर शिकीन," ती आईच्या आठवणीने म्हणाली. "आता मी काय मनून रडू, बापू?"

ढावलो बायकांचा. पुरुषाने तो तोंडातून काढला तर तांडा वर्षभर हसेल. फकिरांनी उठून दार लोटलं, कापसाच्या गंजीला टेकून बसले, घसा खाकरला आणि सुरुवात केली. सुराच्या नावाने आनंदच होता, पण शब्द एकही चुकला नाही. वर्षा डोळे पुसत मागे म्हणू लागली. एका ओळीच्या शेवटी ते थांबले.

"विसरले?"

"नाही. येथी थोडं थांबा लागते."

"काहून?"

"तुही याडी येथी दमलती."

पंधरा दिवस रोज, दार लोटून, बापाने लेकीला रडायला शिकवलं.

लग्न लागलं. निरोपाच्या वेळी वर्षाने तांड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मैनाबाईच्या गळ्यात पडून ढावलो धरला. आजकालच्या पोरीला एवढा येतो, याचं बायकांना नवल वाटलं. त्या ओळीशी येऊन वर्षा थांबली. पोरीला हुंदका आला असं समजून मैनाबाई तिची पाठ चोळू लागली.

फकिरा मांडवाचा खांब धरून उभे होते. सुखीबाईला त्या दुपारी दम घ्यायला जेवढा वेळ लागला होता तेवढा वेळ गेला, आणि मग वर्षाने पुढची ओळ उचलली.