सातव्या गाण्याचा डावा कान

मी एक जुना हेडफोन आहे. माझा उजवा कान बंद आहे. मांजरीने वायर कुरतडली तेव्हा तो गेला. मांजरीला काही झालं नाही; उलट घाबरली असेल म्हणून तिला दूध मिळालं.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला, पण ऐकायला मला बाईंनी शिकवलं. बाई वर्तमानपत्रात नव्या गाण्यांची परीक्षणं लिहितात. बारा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर बसलो. घरात माझ्या वर फक्त पंखा होता. गाणं आवडलं की बाई मला थोपटायच्या, नाही आवडलं की टेबलावर आपटायच्या. मला थोपटल्याचं फारसं आठवत नाही. पुढे बिनवायरीचा नवा हेडफोन आला आणि मी खणात गेलो, वाळलेल्या पेनांच्या शेजारी.

परवा दुपारी सोळा वर्षांच्या एका गायिकेचा पहिला अल्बम आला. बाईंनी नव्यावर ऐकून लिहिलं, ‘निर्दोष. साडेचार तारे.’ पलीकडच्या खोलीत त्यांची लेक स्पर्धेचं गाणं घोटत होती.

“अजून एकदा!” बाई भिंतीकडे बघून ओरडल्या.

पाठवण्याआधी त्यांनी अल्बम पुन्हा ऐकायला घेतला, तेवढ्यात नव्याची बॅटरी संपली. माझी कधीच संपली नाही. मला ती नाहीच. बाईंनी मला खणातून काढलं.

सातवं गाणं लागलं. उजवीकडचा ड्रमचा धडाका माझ्या मेलेल्या कानात विरून गेला. डावीकडे, दोन ओळींच्या मध्ये, रेकॉर्डिंगवाला पुसायला विसरलेलं काहीतरी राहिलं होतं. एक बसलेला, बारीक आवाज.

“पप्पा, झालं ना आता? घरी जाऊ?”

मग एक प्रेमळ आवाज. “अजून एकदा, राणी.”

बाईंनी गाणं थांबवलं. माझ्या गादीखाली त्यांचा कान गार पडला होता. आणि तोच बारीक आवाज पुन्हा आला.

“आई, झालं ना आता?”

बाईंनी घाबरून मला डोक्यावरून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी गप्प होतो. आवाज भिंतीपलीकडून आला होता.

बाई उठून दारात गेल्या. “किती वेळा म्हटलंस गं हे गाणं?”

“एकवीस.”

“झालं, बाळा. बास.”

“आणि स्पर्धा?”

“गेली खड्ड्यात.”

“आई, तुला ताप आहे का?”

बाईंनी सगळे तारे खोडले. लिहिलं, ‘सातवं गाणं फक्त डाव्या कानाने ऐका. आणि या मुलीला कुणीतरी घरी सोडा.’

मी पुन्हा खणात आहे. मित्रांनो, वायर नीट गुंडाळून ठेवा, मांजरीवर लक्ष ठेवा, हे तर मी सांगणारच. पण इथे सगळं शांत झालं की माझ्या मेलेल्या उजव्या कानात ती सातव्या गाण्यातली मुलगी विचारते, झालं ना आता? मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुम्हाला कुणी विचारलं, तर हो म्हणा.