दहा टक्क्यांचा बटाटा

सव्वीस वर्षं मी दिल्लीतल्या मुलांना सांगत आले, की बटाटा दहा टक्क्यांवर थांबतो. नुसतं सांगत नाही, फळ्यावर लिहून देत आले. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं आज डॉक्टर आहेत. त्यांनी हे वाचू नये अशी माझी इच्छा आहे.

प्रयोग सोपा आहे. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या कांड्या कापायच्या, त्यांचं वजन करायचं आणि कमी-जास्त साखर घातलेल्या पाण्यांत त्या तासभर बुडवून ठेवायच्या. साध्या पाण्यातली कांडी पाणी पिऊन फुगते आणि वजन वाढतं. दाट साखरेच्या पाण्यातली कांडी उलट स्वतःचंच पाणी गमावते आणि मुरांब्यातल्या फोडीसारखी आक्रसते. या दोन्हींच्या मधे एक पाणी असं असतं, की त्यात कांडी फुगतही नाही आणि आक्रसतही नाही. आतला आणि बाहेरचा जोर तिथे सारखा होतो. ते पाणी म्हणजे दहा टक्के साखरेचं. निदान आमच्या शाळेत तरी.

हे दहा मी शोधलेले नव्हेत. लग्न होऊन पुण्याहून दिल्लीतल्या द्वारकेला आले, या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटात आधीच्या बाईंची निळ्या पुठ्ठ्याची फाइल होती. तिच्यात दहा लिहिलेलं होतं. तक्ता होता, आलेख होता, अक्षर सुरेख होतं. सुरेख अक्षरावर माझा फार विश्वास. शिवाय आमचा तास चाळीस मिनिटांचा आणि बटाट्याला लागतो पूर्ण एक तास. उरलेली वीस मिनिटं सव्वीस वर्षं त्या फाइलमधून मीच भरून काढली. घंटा झाली, की मुलं कांड्या कचऱ्यात टाकायची आणि दुसऱ्यांदा केलेल्या वजनाचे आकडे मी फळ्यावर लिहायचे. असं सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगायचे. सगळे काय करतात ते मी कधी विचारलं नव्हतं.

तर यंदा नोव्हेंबरात मयुरानं घोटाळा केला.

मयुरा कुलकर्णी बारावीत आहे. तिची आई आणि मी गणपतीला एकाच मंडळात मोदक वळतो, त्यामुळे मंडपात मी तिची ‘नीलाकाकू’ आणि शाळेत ‘मॅम’. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिच्याशी इतरांपेक्षा जरा जास्तच कडक वागते. यालाच मी निःपक्षपातीपणा समजत होते. बोर्डाच्या प्रोजेक्टला तिनं हाच प्रयोग निवडला. शाळा सुटल्यावर थांबून, आमचे लॅब असिस्टंट विश्वनाथजी यांना बरोबर घेऊन, तिनं तो खरोखरच केला. तिच्या फाइलमध्ये बटाटा चौदा टक्क्यांवर थांबला होता.

मी लाल पेन काढलं.

“हे काय? दहाला वजन वाढलेलं दाखवतेयस?”

“मॅम, वाढतंच आहे. मी तीनदा केलं. बटाटा दहाला थांबतच नाहीये, यार.” मग जीभ चावून, “सॉरी. मॅम.”

“साखर नीट मोजली होतीस?”

“बिल्कुल. विश्वनाथजींसमोर मोजली.”

विश्वनाथजी कोपऱ्यात बीकर धूत होते. “मैडमजी, बच्ची ने तो बढ़िया किया है,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की ते परत बीकर धुवायला लागले.

“हे बघ,” मी मयुराला म्हटलं, “बाहेरचे परीक्षक येतात. त्यांना दहा माहीत असतं. चौदा बघितलं की पहिला प्रश्न विचारतील, मॅडमनी काय शिकवलं? सोमवारपर्यंत नीट करून आण, नाहीतर माझी सही मिळणार नाही. उत्तर माहीत असलं की रीडिंग बरोबर येतात.”

शेवटचं वाक्य मी म्हणाले. मीच. माझी सही नसली तर प्रोजेक्ट पुढे जात नाही आणि त्याचे गुण गेले, की वर्षभर घासलेली मुलगी कॉलेजच्या यादीत खाली सरकते, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती फाइल उचलून गेली.

त्याच पंधरवड्यात माझ्या घरी वेगळीच चौकशी चालू होती. माझे यजमान मुरलीधर यांच्या रक्तात साखर निघाली. उपाशीपोटी एकशे अडुसष्ट. डॉक्टरांनी साखर बंद म्हटल्यावर मी घरात आणीबाणी लावली. चहातली साखर गेली, आमटीतला गूळ गेला आणि भाजीतली चिमूटही गेली. ही चिमूट सोडणं मला सगळ्यात जड गेलं. भाजीला चिमूटभर साखर घातल्याशिवाय माझा हात कढईवरून बाजूला होत नाही. शाळेतल्या बायका सव्वीस वर्षं माझ्या डब्याला हसतायत: “नीलाजी, आप लोग सब्ज़ी में भी चीनी डालते हो?” मी अभिमानानं सांगायचे, की चव खुलते. बटाट्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते मी सोयीनं विसरले. बटाटा आम्हा दोघांनाही आवडतो.

आणि साखर बंद करूनही बटाट्याची भाजी गोड लागली.

पहिल्या दिवशी मला भास वाटला. दुसऱ्या वेळी मी थेट मुरलीधरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून जेवत होते आणि मला ते संशयास्पद वाटलं. खाली मान घालून जेवायची त्यांची लग्नापासूनची सवय आहे, पण संशयाला असले तपशील नको असतात.

“अहो, तुम्ही भाजीत साखर घातलीत?”

“मी? मला डबा कुठे असतो ते तरी माहीत आहे का?”

हे खरं होतं. तरी मी साखरेच्या डब्यावर मार्करनं पातळीची रेघ मारली. तिसऱ्या वेळी भाजी पुन्हा गोड आणि रेघ जागच्या जागी. मी निष्कर्ष काढला, की हे बाहेरून साखर आणतायत. खिसे तपासले. एका खिशात मेट्रोचं कार्ड आणि बडीशेप निघाली. बडीशेप मी चघळून पाहिली. साधी होती.

“नीला,” ते शांतपणे म्हणाले, “मला डायबिटीस झालाय. चोरीची सवय नाही लागलेली.”

मला लाज वाटायला हवी होती. पण मी विज्ञानाची शिक्षिका. मी प्रयोग आखला. रविवारी सकाळी त्यांना फिरायला पिटाळलं, आतून कडी लावली आणि एकटीनं भाजी केली. तेल, मोहरी, हळद, मिरची, बटाटा, मीठ. बाकी काही नाही. चमचाभर तोंडात घातली. गोड.

घरात मी एकटी होते. आता संशय घ्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी उरलेले बटाटे पिशवीत भरले आणि भांडायला खाली गेटवर हातगाडी लावणाऱ्या रेहडीवाल्याकडे गेले.

“भैया, ये कैसा आलू दिया है? सब मीठा निकल रहा है!”

त्यानं माझ्याकडे, लहान मुलाकडे बघावं तसं, दयेनं पाहिलं. “मैडम, पुराना आलू है, कोल्ड स्टोर का. मार्च से ठंड में पड़ा है, मीठा तो होगा ही. सबको पता है. नया आने दो, फिर नहीं होगा.”

सबको पता है. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले.

थंडीत ठेवलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते. हे मला माहीत होतं. अकरावीला मी हे शिकवते, दरवर्षी, एक मार्काच्या प्रश्नासाठी. पण पुस्तकातला बटाटा आणि कढईतला बटाटा एकच असतो, हे मला कधी सुचलं नाही. कसं सुचणार? दर हिवाळ्याच्या तोंडाशी आमच्या घरी गोड बटाटा येत होता आणि दर वेळी गोडीचं श्रेय मी माझ्या चिमटीला देत होते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बटाट्याच्या आत साखर जास्त, म्हणजे त्याला थोपवायला बाहेरचं पाणीही जास्त गोड लागणार. दहा पुरणार नाही. चौदा लागेल. मयुरानं लिहिलं होतं तेवढंच. तिनं तीनदा मोजलं होतं. मी एकदाही मोजलं नव्हतं. आणि सही अडवून बसले होते मी.

वर गेले तेव्हा मुरलीधर फिरून आले होते आणि बंद दाराबाहेर उभे होते. घाईत किल्ली मीच घेऊन गेले होते.

“बटाटाच गोड होता,” मी म्हणाले.

“मग?”

“मग काय? तुम्ही सुटलात.”

“माफी वगैरे?”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. कुलुपाकडे बघत म्हणाले, पण म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं आणि आता त्यात एक संन्यासीण पण होती. “त्या मुलीला फोन कर,” सगळं ऐकून ते म्हणाले. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. रविवारी विद्यार्थिनीला घरी फोन करून ‘मी चुकले’ म्हणायचं? उद्या शाळेत रीतसर सांगू. खरं कारण एवढंच, की मला आणखी एक दिवस बरोबर राहायचं होतं.

तो एक दिवस महागात पडला. सोमवारी मी लॅबमध्ये पोचले तर मयुरा आधीच उभी. हातात नवी फाइल, नवं कव्हर.

“मॅम, आला. दहा.”

मी फाइल उघडली. सुरेख अक्षर. तक्ता स्वच्छ. आलेखाची रेघ दहा टक्क्यांवर अगदी अलगद शून्याला टेकलेली. कपाटातल्या निळ्या फाइलची सख्खी बहीण शोभावी अशी.

“परत केलास प्रयोग?”

ती हळूच म्हणाली, “नाही, काकू. काढला. तुम्हीच म्हणालात ना, उत्तर माहीत असलं की रीडिंग येतात. खरंच येतात. अर्ध्या तासात झालं सगळं.”

“आणि जुनी पानं?”

“फाडली. बाबा म्हणाले, मॅमशी वाद घालू नकोस.”

मला रडू आलं. सव्वीस वर्षांत एका मुलीनं माझ्या लॅबमध्ये खरा प्रयोग केला होता आणि तिला तो फाडायला मी लावलं होतं. मी म्हणाले, “मयुरा, तुझं चौदा बरोबर होतं. माझं चुकलं.” तिनं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ही मॅमची नवी युक्ती असावी, असं तिला वाटलं असणार. मी तरी दुसरं काय वाटू दिलं होतं?

मी खेळाच्या सरांकडून पुढचा तास मागून घेतला. दोन तास जोडून झाले, म्हणजे ऐंशी मिनिटं. घरून आणलेली बटाट्याची पिशवी टेबलावर ठेवली. विश्वनाथजींनी साखर मोजली, मी कांड्या कापल्या. दोन वाकड्या झाल्या, त्या त्यांनी न बोलता बाजूला केल्या आणि सरळ कापून दिल्या. सगळ्या कांड्यांची वजनं फळ्यावर लिहिली आणि त्या पाण्यांत बुडवल्या. मग तासभर आम्ही सगळे बसून राहिलो. तो तास मी पहिल्यांदाच पूर्ण पाहत होते. फार कंटाळवाणा असतो.

तास भरल्यावर मी दहा टक्क्यांच्या पाण्यातली कांडी काढली, टिपली आणि वजनकाट्यावर ठेवली. वळून वर्गाला विचारलं, “काय झालं वजनाचं?”

“सेम, मॅम!” सदतीस मुलं एका सुरात म्हणाली. एकानंही काट्याकडे पाहिलं नव्हतं. निम्म्यांनी तर लिहूनही टाकलं होतं. बाहेर कुठे नाही, माझ्याच वर्गात, माझ्याच तालमीत ही मुलं तयार झाली होती.

“मयुरा, तू सांग. पुढे ये.”

ती आली. काटा तिच्या नाकासमोर होता, आकडे लाल दिव्यात लकाकत होते. तिनं काट्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मला कोणतं उत्तर हवंय ते ती माझ्या तोंडावर शोधत होती.

इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. काही बोलले असते तरी तिनं ते उत्तर म्हणूनच घेतलं असतं. म्हणून मी मार्कर उचलला, तिच्याकडे पाठ केली आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

“आता सांग,” मी फळ्याला म्हणाले.

विश्वनाथजींनी घसा खाकरला. मग तिचा आवाज आला, आधी बारीक, मग नेहमीसारखा.

“वाढलंय, मॅम. दोन पॉइंट एकतीस होतं. दोन पॉइंट बेचाळीस झालंय.”

मी ते तसंच फळ्यावर लिहिलं. मागे वर्गात खोडरबरांचा आवाज सुरू झाला आणि तो थांबेपर्यंत मी काही वळले नाही.