बेलार्मिनोची नदी

"डॉन एलादिओ, खालच्या ह्या नदीला तुम्ही लोक काय म्हणता?" दुर्बिणीवरचा डोळा न काढता इंजिनिअरनं विचारलं. "जुन्या नकाशात बेलार्मिनो लिहिलंय."

वाटाड्या म्हणून आलेल्या एलादिओचं पित्तच खवळलं. आयसेनच्या डोंगरात, पार बर्फाच्या कड्यापर्यंत आलं तरी हा मेलेला माणूस काही पाठ सोडत नव्हता!

मागच्या मोजणीत बेलार्मिनो ह्याच नदीत तराफ्यासकट वाहून गेला. प्रेत सापडलं नाही. साहेबलोक हळहळले, त्यांनी नदीला त्याचं नाव दिलं आणि त्याच्या बायकोला, ओर्तेन्सिआला, नकाशा पाठवला. पुढं एलादिओनं तिच्याशी लग्न केलं, तेव्हा तिच्यासोबत तो नकाशाही घरात आला आणि चुलीजवळच्या भिंतीवर बसला. थडगं नव्हतं, म्हणून ती दर वर्षी त्याच्याखाली मेणबत्ती लावायची. एलादिओ धुमसायचा. त्यानंही त्याच मोजणीत खेचरं हाकली होती, पायाची बोटं बर्फात घालवली होती. त्याच्या नावानं साधा ओढा नाही. का, तर एलादिओ जिवंत परत आला!

"कोण बेलार्मिनो?" तो म्हणाला. "आम्ही तिला एलादिओ म्हणतो."

"तुमचंच नाव?"

"आजोबांचं हो, साहेब. तेही एलादिओच."

इंजिनिअर हसला. पण वाटाड्या सांगेल तेच नाव लिहायचं, असा वरून हुकूम होता. त्यानं लिहून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात नवा नकाशा आला. ओर्तेन्सिआनं धुरानं पिवळा पडलेला जुना कागद उतरवला आणि नवा लावला. एलादिओ नळीनं माते, तो पानांचा कडू चहा, ओढत बघत होता. नदी आता माझ्या नावाची, हे आज तिच्या तोंडावर सांगायचंच, त्यानं ठरवलं होतं. त्याला जेमतेम अक्षरं लावता यायची, तिला तेवढीही नाही.

तिचं बोट समुद्रापासून निघालं. "ही खाडी... हे वळण, हे दुसरं... सापडला बघ!" तिचे डोळे भरून आले. "ह्या वेळी नाव किती ठळक छापलंय रे त्याचं! वाचून दाखव ना."

एलादिओ उठला. आपलं नाव त्यानं डोळे भरून पाहून घेतलं.

"बेलार्मिनो," त्यानं वाचलं.

मग खिशातली काडेपेटी काढून मेणबत्तीही त्यानंच पेटवून दिली.