आठ नसलेला आकडा

फोन आला तेव्हा शांतलिंगच्या गिरणीत मथुराबाईंची ज्वारी पडत होती. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून त्यानं गिरणी बंद केली. मग नीट ऐकू आलं. धाराशिवला प्रशिक्षणाला गेलेली त्याची बायको शिवकांता तिथंच कोसळली होती आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती. मथुराबाई अर्धं दळण तसंच टाकून त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

शिवकांता सास्तूरकडच्या एका शाळेत मास्तरीण होती. तिचा एक लाडका आकडा होता, १२३४५६७९. एकापासून नवापर्यंत सगळे ओळीनं, फक्त आठ नाही. नवानं गुणलं की उत्तरात नुसत्या एकांची रांग. पोराला ती आवडता अंक विचारायची. पाच म्हणाला तर पाच नवे पंचेचाळीसनं गुणायला लावायची, आणि पाटीवर पाचांची रांग लागायची. पोरं खुळावून जायची. आठानं काय घोडं मारलंय, असं शांतलिंगनं एकदा चुलीपाशी बसून विचारलं होतं.

"त्यो न्हाय म्हणून तर बाकीचे सरळ उभे ऱ्हायलेत," ती भाकरी थापत म्हणाली होती. "घ्या बरं त्याला आत. समदं बिघडतंय."

शेतात तिला समाधी दिली. दगडावर नाव कोरायचं ठरलं, तेव्हा नावाखाली हा आकडाही हवा, असं शांतलिंग म्हणाला. भावकीला ते खुळ्यागत वाटलं, पण कुणी अडवलं नाही. लोहारा गावच्या माणिकप्पा पाथरवटाला त्यानं एकेक अंक तोंडी सांगितला. माणिकप्पा लहानपणी तिच्याच हाताखाली शिकला होता. पाढ्यांपर्यंत पोचायच्या आत शाळा सुटली आणि हातात छिन्नी आली.

दगड बसवला त्या दिवशी शांतलिंग वाचत सातापर्यंत आला आणि थांबला.

"सांगताना तुमचा आठ सुटला व्हता, आप्पा," माणिकप्पा हळूच म्हणाला. "दुःखात व्हतं असं. म्या घातला. बाईंच्या दगडावर चूक ऱ्हायली तर लोक काय म्हणतील?"

शांतलिंगनं सातापुढच्या आठावर बोट ठेवलं.

"मला आठ जमतच नव्हता. बाईंनी हात धरून गिरवून घेतला. बघा की, कसा आलाय."

आठ खरंच देखणा आला होता. बाकीच्या अंकांपेक्षा खोल, गोलाईदार.

"चांगला आलाय," शांतलिंग म्हणाला.

घरी येऊन त्यानं गिरणीच्या फरशीवर खडूनं दगडावरचा आकडा मांडला आणि नवानं गुणला. एकांची रांग आली, पण शेवटच्या एकाच्या आधी शून्य पडलं. त्यानं पुन्हा गुणून पाहिलं. शून्य हललं नाही.

त्यानंतर तो दोनदा लोहाऱ्याला जाऊन आला. माणिकप्पानं चहा पाजला, पावसापाण्याचं बोलणं झालं.

आठ काढायचा राहिला आहे.