वरची वेलांटी

बस रे इथं, चांगला पाय पसरून बस. एका वेलांटीनं एका बापाची बोलती कशी बंद केली, ते सांगतो तुला.

रंगारी होता तो. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. म्हातारपणी हात थरथरायला लागला, तशी सगळी कामं लेकीवर आली. ती शिडीवर चढून अक्षरं काढायची, आणि हा खाली खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला सांगायचा, "माझाच हात आहे बरं का!" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

थोरला भाऊ घराबाहेर पडला त्याला जमाना झाला. ब्रश कुठल्या बाजूनं धरतात, तेही त्याला ठाऊक नाही. पण नोकरी सुटली तसा तो परत आला, आणि बापाच्या आनंदाला उधाण आलं. दुकानाची जुनी पाटी उतरवली.

"लिही. रंगारी आणि मुलगा."

"मुलगा? म्हणजे दादा?"

"मग कोण? तू काय, आज इथं, उद्या सासरी."

"हे 'उद्या' मी फ्रॉकात होते तेव्हापासून ऐकतेय, आप्पा."

"तोंड चालवू नको. हात चालव."

पाटीवर ज्याचं नाव, दुकान त्याचं. हे दोघांनाही पक्कं ठाऊक. तरी तिनं मुकाट ब्रश उचलला. म्हातारा मागं उभा. मु झाला, ल झाला, ग झाला.

"आता काना दे. सरळ दे."

तिनं काठीसारखा सरळ काना ओढला. म्हातारा खूश होऊन चहाला गेला.

परत येतो तर ओली पाटीच दारावर चढलेली! आणि कान्याच्या डोक्यावर ही एवढी लालभडक वेलांटी. रंगारी आणि मुलगी.

"अगं, काना सांगितला होता ना!"

"दिलाय की. बघा, कसा सरळ उभा आहे. वरचं तेवढं माझं."

"पूस ते! आत्ताच्या आत्ता!"

"तुम्हीच पुसा. तुमचाच हात आहे ना?"

म्हाताऱ्यानं शिडीकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं, मग थोरल्याकडे.

थोरला म्हणाला, "आप्पा, मला उंचावर गरगरतं हो."

पाटी अजून तशीच आहे. म्हातारा तिच्याखालीच बसतो, पण मान वर करत नाही. तुझी वाट तिकडूनच जाते ना? मग माझं एवढं काम कर. थांब, आणि पाटी मोठ्यानं वाच. शेवटच्या शब्दावर जोर दे. कमी ऐकू येतं म्हणेल तो, पण थाप आहे. पुन्हा वाच.