सगळं पक्कंच

दोन हजार सालच्या सुमारास अल्लीपुरात घरपट्टी ठरवायची रीत बदलली. आधी घराची किंमत अंदाजानं धरायचे, आता चौरस फुटावर आकारणी आली. स्लॅबच्या घराला चढा दर, मातीच्या घराला सवलतीचा. अर्धं असं नि अर्धं तसं असलं तर दोन्हींची मापं वेगळी घ्यायची, आणि एकदा आकडा ठरला की चार वर्षं तोच.

किसनरावांचं घर नेमकं अर्धं-अर्धं होतं. रस्त्यावरून पाहाल तर स्लॅबच्या दोन खोल्या, गिलावा, वर हिरवा रंग. मागं गेलात की मातीच्या भिंती आणि छपरावर कवेलू, म्हणजे कौलं. यात नवल काही नाही. हाती चार पैसे आले की माणूस आधी दर्शनी बाजूच बांधतो, मागचं कोण पाहायला येतं? किसनराव तसे खोटारडे नव्हते. पण मुलगी लग्नाची झाली की बापाची जीभ जरा सैल सुटते. आष्टीच्या मधुकररावांना त्यांनी निरोप धाडला होता, घर सगळं पक्कं आहे म्हणून.

आणि मधुकरराव आपल्या मुलाला, मुकेशला घेऊन मुलगी पाहायला आले, त्याच दिवशी ग्रामपंचायतीचे कारकून बापूराव टेप घेऊन दारात हजर.

पाहुणे समोरच्या खोलीत पोहे खात होते. किसनरावांची मुलगी आकांक्षा खाली मान घालून बसली होती. बापूराव उंबऱ्यातूनच म्हणाले, "किसनराव, समोरचं मोजून झालं. मांगचं मातीचं हाय ना? त्याले कमी दर लागते, वेगळं माप घ्या लागन."

किसनराव घाईघाईनं दाराशी आले. "मातीचं कायले राहीन? सगळं पक्कंच हाय. लिहून टाका."

बापूराव बुचकळ्यात पडले. त्याच मातीच्या खोलीत ते कितीदा तरी जेवले होते. "अजी, चार वर्षं जास्तीची पट्टी भरसान. काऊन उगाच?"

"मी भरीन. तुम्ही लिहा."

किसनरावांनी मुलीकडे बघायचं टाळलं. तीच उठली. "काका, टेपचं टोक द्या इकडं," म्हणाली आणि बापूरावांना घेऊन सरळ मागच्या दारानं गेली. थोड्या वेळात तिचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत. "अठरा फूट. भिंत मातीची. वर कवेलू."

किसनरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मधुकररावांनी बशी खाली ठेवली आणि न विचारता मागं चालू लागले. शकुबाईंनी, आकांक्षाच्या आईनं, कालच सारवलेल्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला, वर कवेलूंकडे पाहिलं. चहा घेतला आणि मुलाला घेऊन निघून गेले.

संध्याकाळी किसनराव ताटावर बसले नाहीत. "तुले काय गरज होती?" एवढंच मुलीला म्हणाले.

"बाबा, मी तिथं सुखानं जेवत राह्यली असती, अन् तुम्ही इथं दरसाल माह्यापायी खोट्याची पट्टी भरत राह्यले असते. मले घास गेला असता का?"

किसनरावांचा राग मात्र गेला नाही, कारण चांगलं स्थळ हातचं गेलं होतं आणि पोरीचं वय काही थांबणार नव्हतं. चार दिवस ते सकाळीच घराबाहेर पडत नि अंधार पडल्यावरच परतत.

पाचव्या दिवशी चौकातल्या एसटीडी बूथवरून बोलावणं आलं. फोनवर मधुकरराव होते.

"पोरगी पसंद हाय आमाले," ते म्हणाले. "आता तुम्ही घर पाहाले या. येतानी आकांक्षालेही आना, अन् तिले पहिले मांगच्या दारानं येऊ द्या."

"मांगच्या दारानं काऊन?"

पलीकडे मधुकरराव जरा घुटमळले. "तुमच्या घरी येच्या आधी मीही आमच्या घराले समोरून रंग मारून घेतला होता, तुम्ही पाहाले येसान म्हून. मांगची भिंत पडून राह्यली हाय. तुमच्या पोरीनं टेप धरला, तवा मलेच लाज वाटली."

किसनरावांनी फोन ठेवला तरी ते तिथेच उभे राहिले. बूथवाल्यानं विचारलं, "काय झालं काका, डोळे कायले पुसून राह्यले?"

"काई नाई," किसनराव म्हणाले. "पोरगी चालली."