पहिल्या सीनमधलं कुत्रं

कुमुदिनी टॉकीजच्या प्रेक्षकांनी एका रविवारी सिनेमातल्या खुन्याला सोडवण्यासाठी पडद्यावर हल्ला केला आणि पडद्याच्या मधोमध, म्हणजे इन्स्पेक्टरच्या छातीला, भोक पाडलं.

असं काहीही झालं नाही. टॉकीजचे मालक विश्वनाथराव यांनी चौकीत तसं लेखी दिलं आहे. भोक उंदरांनी पाडलं, असंही त्यात आहे. तेव्हा आपणही उंदीरच धरून चालू.

त्या काळी, म्हणजे बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास, महाल भागातला माणूस तिकिटावरच्या वेळेला सिनेमात शिरत नसे. आधी सरकारी न्यूजरील असायची. तिच्यात धरणाचं उद्घाटन तरी व्हायचं, नाहीतर पूर तरी यायचा. या दोन्हींसाठी आपण तिकीट काढलेलं नाही, असं म्हणून लोक बाहेर पानठेल्यावर उभे राहत आणि पूर ओसरला असेल असा अंदाज घेऊन आत येत. काटोलच्या संत्रावाल्यांना तर त्यांची बस थेट पहिल्या गाण्यालाच आणून सोडायची. कुणाचं काही अडत नसे. तोवर हिरो गरीबच असायचा.

मग तो सिनेमा आला. त्यात नावं पडायच्या आधी खून पडत होता.

विश्वनाथराव धरमपेठेत राहत आणि इंग्रजी सिनेमे पाहत. त्यांना हे फार पटलं. "आधी मुडदा, मग नावं! पहिल्या झटक्यात प्रेक्षकाची मानगूट धरायची. याला म्हणतात पकड!"

पकड होतीच, पण धरायला मानगुटी आत नव्हत्या. मुडदा रिकाम्या खुर्च्यांपुढे पडायचा. पान चघळत आलेला माणूस अंधारात शेजाऱ्याला विचारायचा, "कोण मेला गा?" शेजारीही नुकताच टेकलेला. मग दोघं मिळून तिसऱ्याला विचारायचे. इंटरव्हलपर्यंत निम्म्या थिएटरला दुःख करावं की नाही, हे ठरवता येत नसे.

विश्वनाथरावांनी डोअरकीपर लहानूला बोलावलं.

"उशिरा येईल त्याला दारातच पहिला सीन सांगायचा, मगच आत सोडायचं. हा सिनेमा नीट पार पाडलास तर तुला नोकरीत पक्का करतो. तक्रार आली तर दुसरा माणूस बघतो."

"हो जी," लहानू म्हणाला. ही बातमी त्याच्या आईनं, तुळसाबाईनं, संध्याकाळपर्यंत 'पोरगा पक्का झाला' अशी गल्लीभर करून टाकली, त्यामुळे आता माघार नव्हती.

अडचण एकच होती. लहानूनं तो सीन कधी पाहिलाच नव्हता. खुनाच्या वेळी तो दाराबाहेर तिकिटं फाडत असे. सिनेमाचा शेवट त्याला पाठ होता, कारण दारं उघडायला तेव्हा आत जावं लागे. सुरुवात मात्र त्यानं नुसती ऐकली होती. दार करकरतं, काच फुटते, कुत्रं भुंकतं, माणूस ओरडतो. बस्स.

पहिले सापडले काटोलचे संत्र्यांचे व्यापारी चंपतराव.

"थांबा भाऊ. आधी सीन ऐका."

"मले सीन नाही, खुर्ची पाहिजे."

"आत शेठ मरून राहिला, भाऊ. काहून मरून राहिला ते माहीत नसन, तर खुर्चीवर बसून करता काय?"

चंपतराव थांबले. "काहून?"

लहानूनं चारही आवाज हाताशी घेतले. "दार करकरलं. एक गरीब माणूस आत आला. संगं त्याचं कुत्रं. शेठनं कुत्र्याले काचेच्या बशीत दूध देल्लं."

"मंग चांगलंच केलं ना!"

"दुधात इख होतं."

"अरे बाप! पेलं का त्यानं?"

"हुशार कुत्रं, भाऊ. भुकलं, अन् बशीच फोडली. शेठ काठी घेऊन धावला, झटापट झाली..."

"गेला?"

"गेला."

"बरं झालं!" चंपतराव डोळे पुसत म्हणाले. "अन् कुत्रं?"

"ते इंटरव्हलनंतर पाहा," लहानू म्हणाला. दारात सगळंच सांगून टाकायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

चार दिवसांत सीन चांगला बाळसेदार झाला. कुत्र्याला सुलतान हे नाव मिळालं. गरीब माणसाला लग्नाची बहीण आणि शेठला आणखी तीन पापं मिळाली. लोक मुद्दाम उशिरा येऊ लागले. वेळेवर आलेले मधूनच बाहेर येऊन पुन्हा रांगेत लागू लागले. बागेतल्या सीनमध्ये हिरोइन रडताना तिच्या मागून एक कुत्रं जायचं, तिथं अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवायचं. इंटरव्हलमध्ये भांडणं व्हायची.

"म्या सुरुवातीपासून पाहिला. कुत्रं नाही त्याच्यात!"

"वेळेवर येणाऱ्याले काय समजते गा?"

मग तो रविवार आला. शेवटी इन्स्पेक्टरनं खुन्याला बेड्या घातल्या आणि चंपतराव गरजले, "सोड त्याले! शेठनंच इख देल्लं होतं!"

आणि उंदीर आले. बरेच होते. काही काटोलचे होते.

चौकीतून परतल्यावर विश्वनाथरावांनी लहानूला समोर उभं केलं. "मी हा सिनेमा पाहिलाय. उद्या माझ्या शेजारी बसायचं आणि मला कुत्रं दाखवायचं. नाही दिसलं, तर तिथूनच घरी."

सोमवारी लहानू जन्मात पहिल्यांदा सुरुवातीला आत बसला. हॉल गच्च भरलेला. सुलतानाला पाहायला अख्खं गाव वेळेवर आलं होतं. दार करकरलं. हातमोजा घातलेला एक हात आला. काचेचा पेला फुटला. तेवढ्यात कुत्रं भुंकलं, पण पडद्यावर नाही, बाहेर, पानठेल्याखाली. शेठ ओरडून पडला. नावं सुरू झाली.

कुत्रं सिनेमात नव्हतंच. शिवाय लहानूला सीन आवडलाही नाही. नुसता हातमोजा पाहून कुणी कुणासाठी रडायचं?

"काय रे?" विश्वनाथराव वळले.

"कापला!" मागून चंपतराव ओरडले. "मालकानं कुत्र्याचा सीन कापला!"

"परवापर्यंत होता!" रोज वेळेवर येणारा एकजण उठला. "म्या या डोळ्यांनी पाहिला!"

"आमचा सुलतान कुठी हाय?"

खुर्च्या वाजू लागल्या. उंदरांची चाहूल लागताच विश्वनाथराव स्टेजवर चढले. लहानू खोटं बोलला म्हणावं, तर बोलायला लावलं कुणी?

"आम्ही नाही कापला," ते म्हणाले. "वरून कापून आलाय. आम्ही परत मागवतो."

"कवा?"

"लहानू सांगेल."

"मले कसं सांगता येईन, मालक?" लहानू नम्रपणे म्हणाला. "मी तर कच्चा माणूस."

विश्वनाथरावांनी हॉलकडे पाहिलं, मग रातोरात बसवलेल्या नव्या पडद्याकडे पाहिलं.

"आजपासून पक्का. चल, लिहायला बस."

अर्ज त्याच दुपारी मुंबईला, सिनेमा पाठवणाऱ्या कंपनीकडे गेला:

"मा. व्यवस्थापक साहेब यांस सविनय विनंती की, सदर चित्रपटाचा पहिला प्रसंग कुत्र्यासह नव्याने चित्रित करून शुक्रवारच्या आत रेल्वे पार्सलने पाठवावा. कुत्रे उपलब्ध नसल्यास आमच्याकडून पाठवण्यात येईल; परतीचे भाडे आपणाकडे राहील. तसेच, सदर शेठजींनी या खेपेस आमचे डोअरकीपर तिकिटे फाडून आत येईपर्यंत मरू नये, ही नम्र विनंती."